मळखाऊ फौज

रंग निवडण्याचं स्वातंत्र्य माणसाला जन्मतः असतं, आणि ते त्याच्या वतीनं घरातली वडीलधारी मंडळी वापरतात. ही व्यवस्था फार सोयीची आहे. मेहकरच्या सागरलाही (वय एकतीस, कॉलेजात प्रयोगशाळा सहायक) हे स्वातंत्र्य पुरेपूर मिळालेलं होतं. त्याचे शर्ट आईनं निवडले, मोटारसायकलचा रंग वडिलांनी आणि लग्नातला कोट बायकोच्या मामानं. कोट तपकिरी होता, अजून टिकून आहे.

पण गेल्या वर्षी सागरला एक नाद लागला. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक टेबलावर मांडायचे, पट्टीनं अंतर मोजून पुढं सरकवायचे आणि फासे टाकून एकमेकांचे मारायचे, असा तो खेळ. सैनिक येतात ते कोरे, राखाडी. ते ज्यानं त्यानं रंगवायचे. शेगावला एका लॉजच्या हॉलमध्ये स्पर्धा जाहीर झाली, आणि तिचा नियम क्रमांक तीन असा होता : ‘प्रत्येक फौजेचा रंग खेळाडूने स्वतः निवडलेला असावा व दुरून ओळखू यावा.’

सागरनं नियम तीनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला लेखी सांगत होतं, की बाबा, तू निवड! त्यानं निवडला. राणी कलर. चाळीसच्या चाळीस सैनिकांचे झगे राणी कलरचे करायचे, असं ठरवलं. लहानपणापासून मनात होता तो रंग, पण लावायला कधी काही मिळालंच नव्हतं.

चूक एवढीच झाली, की रंगाची बाटली टीव्हीजवळ राहिली. रविवारी चहानंतर घरात बैठक बोलावण्यात आली. अध्यक्षस्थानी त्याच्या मातोश्री सत्यभामाबाई होत्या (दुसरं नाव सुचवण्याची पद्धत नाही).

“हा रानी कलर काऊन?”

“मले आवडते.”

हे कारण नोंद घेण्याजोगं न वाटल्यानं कामकाज पुढं सरकलं.

“लढाईत धूळ उडते, चिखल होते, रक्त सांडते. अन् तू रानी कलर घालून राह्यला त्याइले! धुईन कोन?”

“आई, प्लास्टिकचे हायेत ते. बोटाएवढे.”

“मंग? प्लास्टिक मळत नाही का?”

प्लास्टिक मळतं, हे सत्य आहे.

वडील नारायणराव यांनी आकडेवारी सादर केली. मेहकर ते दुसरबीड बसच्या खिडकीतून त्यांनी दोरीवरच्या पँटी मोजल्या होत्या : एकूण दोनशे चौदा, पैकी मळखाऊ एकशे सत्त्याण्णव. उरलेल्या सतरांपैकी अकरा आपोआप मळखाऊ होण्याच्या मार्गावर होत्या. सहा पाहुण्यांच्या असाव्यात. “एवढे लोक येडे हायेत का बे?” असं विचारून ते खाली बसले.

सागरनं आशेनं बायकोकडे पाहिलं. रुपाली म्हणाली, राणी कलर तिलाही फार आवडतो. तिच्याकडे राणी कलरची साडी आहे, चार वर्षं झाली, पिशवीत एकदम नवी.

“मंग नेसत काऊन नाही?”

“अहो, मळन ना!”

ठराव एकमतानं संमत झाला. रंग ठरला तो खाकी आणि तपकिरीच्या मधला, चहा सांडून वाळल्यावर दिसतो तो. (उरलेला संडासाच्या दाराला लावायचा होता.) सत्यभामाबाईंनी एका रंगवलेल्या सैनिकावर चहा सांडून पाहिला. काही दिसलं नाही. चाचणी यशस्वी झाली.

सागरनं एकोणचाळीस सैनिक मुकाट रंगवले. चाळिसावा सेनापती. त्याला घेऊन तो न्हाणीघरात गेला, आतून कडी लावली आणि त्याचा झगा राणी कलरनं रंगवला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

शेगावला त्याची गाठ खामगावच्या संघर्ष नावाच्या खेळाडूशी पडली. संघर्षची फौजही मळखाऊ निघाली. “आमच्या मायनं पास केला भाऊ,” तो म्हणाला. टेबलावरची चादर लॉजची होती, म्हणजे तीही मळखाऊच. त्यावर ऐंशी सैनिक उभे केल्यावर टेबल रिकामं दिसू लागलं. पहिली वीस मिनिटं सागरनं हिरिरीनं स्वतःच्याच फौजेवर हल्ला केला आणि सात जण मारले. पंचांनी पाठ थोपटली.

पुऱ्या मैदानात दिसत होता एकच माणूस. राणी कलरचा. संघर्षनं सगळ्या बंदुका तिकडे वळवल्या.

“काय करू भाऊ, दिसला तोच मारला,” तो हळहळून म्हणाला. नंतर सैनिक मोजून चाळीस-चाळीस वाटून घेण्यात आले. कोणाचे कोणाकडे गेले ते दोन्ही घरांना आजवर कळलेलं नाही.

“पाह्यलं?” घरी सगळं ऐकून सत्यभामाबाई म्हणाल्या. “मळखाऊ असता त वाचला असता.”

सेनापतीचा रंग मात्र सागरनं बदलला नाही. रुपालीनं सेनापतीला हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या साडीशेजारी पिशवीत ठेवून दिलं. म्हणाली, “कुठं चांगल्या ठिकानी जाचं असलं का काढू.”

आपलं हसून झालं असेल तर वाचकांनी कृपया उठावं आणि कपाट उघडावं. वरचा कप्पा, मागच्या बाजूला, पिशवीत. ती वस्तू तुम्ही स्वतः निवडली होती. बघा, अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. कुठं डाग नाही. अभिनंदन.