मलकपेठेतील तीन प्रतींची मोहीम

विद्येची देवता आणि विजेचे खाते, उभयतांचे स्मरण करून हे वर्तमान लिहिले आहे. कारण दोहोंपैकी एकानेही ऐन वेळी पाठ फिरविली असती, तर लिहावयास काही उरले नसते. ज्यांस ऐकणे असेल त्यांनी हातातला फोन उपडा ठेवून ऐकावे.

हैदराबाद शहरी, मुसा नदीचे दक्षिणेस, मलकपेठेत राजश्री दिगंबरराव म्हणोन सरकारी दप्तरखान्यातून निवृत्त जाहलेले मातबर गृहस्थ. आबिड्सच्या कचेरीत पस्तीस वर्षे कागद सांभाळिले आणि एकही गहाळ होऊ दिला नाही. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, एक अस्सल, एक कचेरीची आणि एक गार्ड फायलीची, हा त्यांचा कुळाचारच. वाण्याची यादीही घरात तिहेरी निघत असे. त्यांचे कुटुंब त्रिवेणीबाई. बाईंनी दोन वर्षे बैठक मारून, उजव्या हाताच्या एका बोटाने, परभणीच्या माहेराच्या आणि हैदराबादेतल्या संसाराच्या आठवणी घरच्या संगणकावर उतरविल्या, त्याची पाने एकशे बारा जाहली. रावांनी दर शनिवारी त्या लिखाणाच्या तीन प्रती करून तीन कप्प्यांत घालाव्या, आणि कर्तव्य केले म्हणोन मिशीवर हात फिरवावा. तिन्ही कप्पे एकाच डिस्कच्या पोटात आहेत, हे काही त्यांचे ध्यानी आले नाही. कपाट एक असले म्हणून काय जाहले, फायली तीन आहेत ना, असा कचेरीचा विचार.

पुढे त्या संगणकावरची जुनी पातशाही थकली. बटण दाबून अंघोळ आटोपून यावे, तरी दरबार भरलेला नसे. आणि वर, नव्या अमलास नवे यंत्र पाहिजे, ऐसा रोजचा तगादा. मग रावांचे कानी आले की लिनक्स म्हणोन एक राज्य आहे, तेथे खंडणी घेत नाहीत आणि म्हाताऱ्या यंत्रासही मानाने वागवितात. बाई आठ दिवसांकरिता परभणीस बहिणीकडे गेल्या, तो मोका साधून रावांनी पेनड्राइव्ह लाविला आणि कूच केले. नव्या राज्याने अदबीने पुसिले, जुन्याचे शेजारी वसावे, की सर्व पुसून वसावे? रावांचा शिरस्ता असा की नवे रजिस्टर कोऱ्या पानापासून. आणि तीन प्रती तर होत्याच. मग त्यांनी सर्व पुसण्याचा हुकूम दिला आणि चहा पिण्यास बसले.

चहा सरला तो नवा अंमल बसला होता, मोठा देखणा आणि चपळ. मग राव प्रती पाहू गेले, तो अस्सल नाही, कचेरीची नाही आणि गार्ड फायलीचीही नाही. दिवस गुरुवारचा, आणि रविवारी सकाळी बाईंची गाडी काचीगुड्यास लागणार. पस्तीस वर्षे एक कागद न हरविलेल्या माणसाने बायकोची दोन वर्षे आपल्या हाताने पुसून टाकिली. राव देवघरापुढे बसले आणि खरोखर रडले. बखरकाराने हे लिहावे की न लिहावे, असा विचार पडला होता. परंतु रडले हे खरे, म्हणोन लिहिले.

मग दिलसुखनगरास त्यांची भाची कविताबाई, पॉलिटेक्निकात संगणक शिकविणारी आणि लिनक्सच्या दरबारची जुनी मानकरी, तिजकडे फोन गेला. तिने सारे ऐकून घेतले आणि पहिला हुकूम केला तो असा, "मामा, हल्लू! आधी मशीन बंद करा. काही सेव्ह नक्को, काही डाउनलोड नक्को, हात लावूच नका." कारण पुसलेला मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो, त्याजवर दुसरे काही येऊन बसले तरच तो मरतो.

शुक्रवारी सकाळी कविताबाई एक पेनड्राइव्ह आणि एक रिकामी डिस्क घेऊन दाखल जाहल्या. त्या पेनड्राइव्हात सारी फौज बसली होती. संगणक त्याजवरच चालू केला, म्हणजे आतल्या डिस्कला धक्का नको. मग आधी टेस्टडिस्क नामे सरदार डिस्कवरील जुन्या वाटणीच्या शिवेचे दगड शोधण्यास गेला. परंतु नव्या अमलाने दगड उपटून आपले घातले होते, तेव्हा तो हात हलवीत परतला. मग फोटोरेकास विडा दिला. नाव फोटोचे, परंतु कागदही उकरून काढणारा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, रूप म्हणाल तर काही नाही आणि कामाला वाघ. पाच तास तो डिस्क खणीत होता, आणि राव समोर खुर्चीत, जणू कोणाचे ऑपरेशन चालले आहे. अखेर सहाशे बारा कागद रिकाम्या डिस्कवर येऊन पडले. खोड इतकीच की हा सरदार कागद आणितो, नावे आणीत नाही. प्रत्येकावर नुसता आकडा.

कविताबाईंस कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती. कागद वाचण्याचे लिब्रेऑफिस उघडून देऊन त्या म्हणाल्या, "कुठली प्रत शेवटपर्यंत शाबूत आहे, ते वाचूनच कळेल मामा." आणि रिक्षात बसून गेल्या.

मग राव एकटेच कागदांशी झुंजू लागले. त्यात त्यांचेच नळाचे अर्ज तिहेरी निघाले, वाण्याच्या याद्या तिहेरी निघाल्या, आणि तिहेरीपणाचा त्यांस जन्मात पहिल्यांदा वीट आला. शनिवारी दुपारी बाईंच्या प्रती गवसल्या. अस्सल उघडेना. कचेरीची चाळीस पानांपुढे चौकोनच चौकोन. राहिली गार्ड फायलीची. ती शाबूत आहे की कसे, हे पाहण्यास राव ओळ न् ओळ वाचू लागले. आणि बखरकारास सांगावयास लाज वाटते, परंतु दोन वर्षांत त्यांनी ते लिखाण वाचिले ते तेव्हाच.

पान एकतीसवर होते की, लग्नानंतर हे रोज आबिड्सहून उस्मानिया बिस्किटे आणीत आणि न बोलता फळीवर ठेवीत; मला ती कधीच आवडली नाहीत, परंतु सांगितले तर आणणे बंद करतील, म्हणून चाळीस वर्षे खाल्ली. राव उठले, पाणी प्याले आणि पुन्हा बसले. मग एकशे बारावे पान आले, अगदी धडधाकट. त्याचे तळाशी लिहिले होते, "इथवर कोणी वाचत आले असेल तर मला येऊन सांगावे. यांनी तीन प्रती केल्या, वाचली एकही नाही."

रविवारी प्रातःकाळी रावांची स्वारी काचीगुड्याच्या स्टेशनावर हजर जाहली. बाई डब्यातून उतरल्या आणि त्यांनी आधी रावांचे हात पाहिले.

"बिस्किटं नाही आणली?"

"पान एकशे बारा वाचलं," राव म्हणाले.

बाईंनी पिशवी खाली ठेविली. पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटर बिघडवला ना तुम्ही?"

"हौ."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, याची नोंद असो. चौथी प्रत पेनड्राइव्हवर करून बाईंनी स्वहस्ते मसाल्याच्या डब्याशेजारी ठेविली, आणि देजा-दुप नामे पहारेकरी रोज दुसऱ्या डिस्कवर नक्कल करण्यास नेमिला. पान वाचल्याखेरीज त्याची प्रत करू नये, ऐसा बाईंचा हुकूम निघाला. बिस्किटे मात्र बंद करू नयेत, हेही त्यातच लिहिले. आणि त्याच दिवशी दुपारी बाईंनी एका बोटाने एकशे तेरावे पान आरंभिले, त्याची पहिली ओळ येणेप्रमाणे: यांनी आज येऊन सांगितले.