मबियाला मामांचे हवाई अंतर

दोन शहरांमधले अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, ही समजूत घरात अजून लग्न न निघालेल्या माणसांची असते.

किन्शासा आणि ब्राझाव्हिल यांच्यामध्ये फक्त काँगो नदी आहे. दोन विमानतळांमधले सरळ अंतर पंचवीसेक किलोमीटर. विमान सरळ गेले तर पाच मिनिटे (पट्टा बांधायला दोन, सोडायला एक). होडीने वीस. हे सगळे आमच्या शेजारच्या चिबांगूला पाठ होते, कारण तो भूगोलाचा मास्तर. त्याचे लग्न मोडायची वेळ आली तीही त्यामुळेच.

मुलगी न्सोना किन्शासाची, तिचे मामा मबियाला ब्राझाव्हिलचे. आमच्याकडे मामांनी ताडीचा पेला रिकामा केल्याशिवाय लग्न लागत नाही. वधूपक्षाने रीतसर यादी पाठवली: दोन बकऱ्या, मिठाचे पोते, बापाला सूट, एक कंदील (घरात वीज असली तरी) आणि शेवटी, ‘मामांना विमान’.

चिबांगूने फोनवर मामांना नकाशा समजावला.

“मामा, होडीनं वीस मिनिटं हो फक्त!”

“मी काय मासळी आहे?”

“बरं, पण विमानानंही पाचच—”

“पाच मिनिटांचा मान? जावईबापू, पाच मिनिटांत जेवण तरी वाढतात का?”

हा प्रश्न भूगोलात नव्हता. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांची समिती तीन दिवस बसली आणि तिने ठरवले, की मान म्हणजे आकाशात किमान एक गरम जेवण. त्यानुसार तिकीट अदिस अबाबामार्गे काढण्यात आले. जाताना चार तास, एक मुक्काम, येताना चार तास. एकूण सुमारे सहा हजार किलोमीटर, म्हणजे मूळ अंतराच्या दोनशे चाळीस पट. मामा प्रसन्न झाले आणि शुक्रवारी निघाले.

शनिवारी दुपारी किन्शासात मांडव भरला. ताडी आंबू लागली (संध्याकाळनंतर ती पिण्याजोगी राहत नाही, आणि मामांनी आंबट ताडी नाकारली तर लग्न पुढच्या वर्षी). तीन वाजता चिबांगूचा फोन वाजला.

“पोचलो बुवा,” मामा म्हणाले.

“कुठे?”

“ब्राझाव्हिलला.”

किन्शासावर वादळ होते, म्हणून विमान सर्वांत जवळच्या विमानतळावर उतरवले होते. तो किती जवळ आहे, हे मास्तरने प्रथमच सांगितले नाही. न्सोनाने फोन हिसकावला.

“मामा, आभाळ निवळलंय. बसा होडीत. मी उभ्या जन्मात कुणाला सांगणार नाही.”

“आणि तो तुझा नकाशावाला?”

“तो अंतराचं नाव काढेल तर बघा!”

पाचच्या आत मामा आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातातल्या बॅगेला विमानाची चिठ्ठी. तीनशे पाहुण्यांपैकी एकानेही पँटकडे पाहिले नाही.

“प्रवास कसा झाला?” मुलाच्या आजोबांनी विचारले.

“कोंबडी बरी होती,” मामा म्हणाले, आणि त्यांनी पेला रिकामा केला.

चिबांगू आता वर्गात किन्शासा ते ब्राझाव्हिल सहा हजार किलोमीटर शिकवतो. पंचवीस लिहिणाऱ्याला अर्धे गुण मिळतात.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी आठवावे, की तुमच्या घरच्या कार्यात पाच मिनिटांवर राहणाऱ्या कोणत्या काकांना गाडी पाठवायची राहून गेली होती, आणि ते आज किती अंतरावर आहेत.