मधुभाऊची पाठीवरची बॅग

बॅगेच्या दुकानात एखादा म्हातारा डावा हात कोपरात दुमडून उभा आहे, अन् उजव्या हातानं एकामागून एक चेन उघडून पाहून राह्यला आहे, असं दिसलं तर समजा, ते आमचे मधुभाऊ. त्याईले लकवा-बिकवा काही झाला नाई. एका दुकानदारानं तसं विचारलं, तं भडकलेच.

"लकवा तुह्या दुश्मनाले! या हातावर बाळ आहे असं समज. आता चेन एकाच हातानं उघडली पाहिजे. उघडते का तुह्या बॅगेची? नाई न? ठेव मंग बाजूले."

मधुभाऊचं घर वर्ध्याले लागून असलेल्या पिपरी मेघेत, माझ्याच भिंतीशेजारी. पुलगावात त्याईचं रेडिमेड कपड्याचं दुकान होतं. बायको गेली, मग दुकान विकून इकडे आले. मी कास्तकार माणूस, शाळेत नावापुरता गेलो, पण माणूस ओळखाले शाळा लागत नाई. हा माणूस नखऱ्याचा आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. दूध आणाले निघाले तरी शर्टाची इस्त्री कडक. भाजीची थैली हातात दिसू नये म्हणून कोथिंबीर खिशात. "दिसाले पाहिजे, दादाजी," हे त्याईचं मले ठरलेलं बोलणं. एकदा सलाईन लागली होती, तर पडल्यापडल्या नर्सले म्हणे, "पट्टी जराशी सरळ लाव, बाई. दिसाले पाहिजे."

त्याईची एकच पोरगी, वैशाली, पुण्याले. तिचं बाळंतपण सासरीच झालं, कारण इथं करणार कोण? मग एक दिवस तिचा फोन आला की बाळाले घेऊन थोडे दिवस येतो, त्याले एक लस टोचाची आहे, ते वर्ध्यातच टोचून घेऊ. "बाबा, तुम्ही काही करू नका," हेही म्हणाली. त्या दिवसापासून मधुभाऊ बॅगेच्या मागं लागले.

"कायची बॅग?" मी विचारलं.

"बाळाच्या सामानाची. लंगोट, डायपर, दुपटं, पावडर, गरम पानी. आता लोकं पाठीवर नेते. स्टायलिश येते."

"खताच्या पोत्याची पिशवी शिवून देतो. जन्मात फाटनार नाई."

"दादाजी, तुमी बोलू नका."

बोलू नका म्हणे, पण बाजारात मलेच घेऊन जाये. एका दुकानात गुलाबी बॅग निघाली, वर अस्वलाचं चित्र. मधुभाऊ म्हणे, "हे अस्वल घेऊन दवाखान्यात गेलो तं नर्स बाळाले सोडून मलेच टोचीन." दुसरीकडे काळी निघाली. "हे तं पुलगावच्या मिलिटरी डेपोतल्या शिपायाची वाटते." तिसरीले एवढे खिसे, की म्हणे, "यात पावडर ठेवली तं दिवाळीले सापडीन."

अन् नुसतं पाहून भागत नसे. वजनासाठी घरून आणलेली तुरीची दाळ बॅगेत भरत, बॅग पाठीवर घेऊन आरशासमोर येरझारा घालत. वाकून पाहत, स्टुलावर बसून पाहत. मग एकदम ओरडत, "आता बाळानं केली!" असं म्हणून बॅग झपकन पोटावर घेत, एका हातानं चेन उघडत अन् लंगोटाच्या जागी रुमाल काढून दाखवत. गिऱ्हाईकं हसत. एका बाईनं विचारलं, "काका, सूनबाईसाठी घेता का?"

"नाई. मीच नेनार आहो," मधुभाऊ म्हणाले, ते साऱ्या दुकानाले ऐकू जाईन असं.

शेवटी राखाडी रंगाची एक पसंत पडली. पट्टे चामड्यासारखे, चेन लोण्यावानी. खरंच साहेबी बॅग होती, पण मी काही तसं म्हटलं नाई.

येताना आम्ही रसवंतीत बसलो. बॅग त्याईनं खाली ठेवली नाई, मांडीवर घेतली. मी म्हटलं, "मधुभाऊ, एवढा नखरा काऊन? बाळ काय बॅग पाहनार आहे?"

ते गिलासाकडे पाहत म्हणाले, "बापासमोर आपलं लेकरू उचलाचं नाई, अशी रीत होती न आपल्याकडे?"

"होती न."

"वैशाली लहान असताना आमी लग्नाले चाललो. पुलगाव ठेसनावर मी पुढं, तिची आई मागं. कडेवर पोरगी, हातात लंगोटाची थैली. थैली फाटली, दादाजी. ओले लंगोट साऱ्या फलाटावर. लोकं पाहून राह्यले. ती म्हने, 'अजी, जरा पोरीले धरा न.' अन् मी गाड्यांचा बोर्ड वाचत उभा राह्यलो."

"तुमचे बाबा पाहत असन."

"बाबा तं कवाचेच गाडीत जाऊन बसले होते," मधुभाऊ म्हणाले. "थे पाहतच नव्हते."

मी उठून रसाचे पैसे दिले.

वैशाली आली, संग जवाई अन् बाळ. मधुभाऊनं बॅग अगोदरच भरून ठेवली होती. तिनं उघडली अन् हसतच सुटली. "बाबा, एवढे लंगोट! एवढे तं लहानपणी मलेही लागले नसन." मधुभाऊही हसले, पण उशिरा.

टोचाच्या दिवशी दारात ऑटो उभा. मी भिंतीपाशी झाडाले पाणी देऊन राह्यलो होतो. जवाई कुलूप लावत होते. मधुभाऊ कडक शर्टावर बॅग चढवून तयार. वैशालीची ओढणी चपलेत अडकली. तिनं बाळ पुढं केलं, "बाबा, घेता का याले?"

मधुभाऊ दोन पावलं मागं सरले. भिंतीपाशी आले अन् हळूच म्हणे, "दादाजी, कसं धरते?"

"मले काय विचारता? आमच्या घरी बायका धरे."

ते तसेच माघारी फिरले. दोन्ही हातानं बॅगेचे पट्टे घट्ट धरले. "मी बॅग घेतो, बाई. बॅग भारी आहे."

वैशाली घडीभर तशीच हात पुढं करून उभी राह्यली. मग तिनं बाळ जवायाजवळ दिलं.

मंडळी काल पुण्याले गेली. बॅगही मधुभाऊनं संगच दिली. ठेसनावरून आले ते घरात न जाता माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा ठेवला. तो तसाच राह्यला.

"दादाजी, तुमी त्या दिवशी भिंतीपाशीच होते न?"

"होतो न."

"मंग तुमी ऐकलं असन. 'बाबा, घेता का याले,' असं म्हने वैशाली. मलेच म्हने. जवायाले नाई. ऐकलं न तुमी?"

"ऐकलं," मी म्हणालो. "साफ ऐकू आलं."