घरपट्टी न भरण्याची रीतसर पद्धत

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी ठीक दहा वाजता, ढुंढिराज गायधनी सर इस्त्रीचा सदरा घालून आपल्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते आणि आपल्या दारात ढोल वाजण्याची वाट पाहत होते. घरपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात ढोल वाजवण्याची वसुली खात्याची मोहीम त्या दिवशी त्यांच्या कॉलनीत येणार होती. सरांच्या मांडीवर तीन पानी निवेदन होते. त्याच्या तीन प्रती होत्या: एक वसुली कारकुनासाठी, एक पत्रकारांसाठी आणि एक ढोलवाल्यासाठी.

“ढोलवाल्याला कशाला?” पत्नी सविताबाईंनी विचारले होते.

“आपण कशासाठी वाजवतो आहोत, हे वाजवणाऱ्याला माहीत असलं पाहिजे,” सर म्हणाले होते.

तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत तेहेतीस वर्षे अधीक्षक राहिलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट अर्धवट करता येत नाही. मग तो राजकीय विरोध का असेना. प्रभागाला तीन वर्षांपासून नगरसेवक नव्हता. मुदत संपली होती आणि निवडणूक लागत नव्हती. तेव्हा सरांनी जॉगिंग ट्रॅकवर चौदा माणसांसमक्ष जाहीर केले, की जोपर्यंत माझा प्रतिनिधी सभागृहात बसत नाही, तोपर्यंत मी घरपट्टीचा एक रुपया देणार नाही. तेरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. चौदावा, म्हणजे शेजारचा ललित, भारावून म्हणाला, “सर, मीही नाही भरत!” सरांचा शब्द आता एकट्याचा राहिला नव्हता.

मग सरांनी फलक केला. तीन फूट बाय चार फूट ॲल्युमिनियमचा पत्रा, हाताने काढलेली अक्षरे, चार कोपऱ्यांत वॉशरसह चार बोल्ट. वर मोठ्या अक्षरांत: ‘या घराची घरपट्टी भरली जाणार नाही.’ त्याखाली मालकाचे नाव, मिळकत क्रमांक आणि मागणी रुपये ६,८४०. त्याखाली लहान अक्षरांत सात कारणे. मिळकत क्रमांक कशाला, असे ललितने विचारले, तेव्हा सरांनी त्याला समजावले, की यंत्रावर क्रमांकाची पट्टी नसेल तर त्या यंत्राला ओळख नसते. विरोधाचेही तसेच आहे.

सव्वादहाला ढोल आला. सर उठून उभे राहिले. ढोल त्यांच्या फाटकावरून सरळ पुढे गेला आणि ललितच्या दारात जाऊन असा काही वाजू लागला, की समोरच्या तारेवरची कबुतरे उडाली.

सर निवेदन घेऊन धावले. यादव नावाचा वसुली कारकून हातातल्या मोबाईलवर यादी पाहत होता.

“अहो, माझं घर मागे राहिलं!”

“नाव?”

“गायधनी. ढुंढिराज. थकबाकीदार.”

यादवने यादी वरखाली केली. “तुमचं नाव नाहीये, काका.”

“नीट बघा. मी थकबाकीदारच आहे.”

“काका, लोक यादीतून नाव काढा म्हणून भांडतात. तुम्ही घाला म्हणून काय भांडताय?” त्याने सरांच्याच फलकाकडे मान वळवली आणि तिथला क्रमांक मोबाईलमध्ये घातला. “हे बघा. बाकी निल. उलट तुमचेच बावीस हजार आगाऊ जमा आहेत.”

फिरत्या लेथमधून कातायचा तुकडा निसटून कपाळाच्या बाजूने जावा, तसे सरांना झाले. ते काही बोलणार, तोच ललित कानांवर हात ठेवून बाहेर आला.

“वा, सर! आम्हाला शपथ आणि आपलं गुपचूप ऑनलाइन?”

“ललित, मी एक रुपयाही—”

“सासुरवाडीची माणसं आलीयत आत! सासरे विचारतायत, वरात कुणाची? काय सांगू त्यांना?”

त्याने तिथल्या तिथे मोबाईल काढून घरपट्टी भरली. ढोल थांबला. ढोल थांबल्यावर पसरलेल्या शांततेत सारी कॉलनी सरांकडे पाहत होती.

सर घरात आले ते थेट स्वयंपाकघरात. “खरं सांग. तू भरलीस?”

“मी?” सविताबाईंनी पोळी तव्यावर टाकली. “बावीस हजार? मला बावीस हजार सापडले असते, तर मी ते तुम्हाला कळू दिलं असतं असं वाटतं तुम्हाला?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. कुणी भरणा केला की मालकाच्या मोबाईलवर संदेश येतो, असे यादव म्हणाला होता; पण नोंदणीच्या अर्जावर सरांनी घरचा लँडलाइन क्रमांक लिहिला होता आणि लँडलाइनने आजवर कुणाला संदेश दाखवलेला नाही.

उलगडा दुपारी झाला. फाटकाशी टेम्पो थांबला आणि त्यातून दत्तू उतरला. मूळचा इगतपुरीकडचा, सरांचा जुना विद्यार्थी. आता अंबडला त्याचा स्वतःचा कारखाना होता. त्याच्या खांद्यावर तांदळाचे पोते होते.

“हे काय?”

“घरचा हाय, सर. राहू द्या.” दत्तूचा आवाज आजाऱ्याच्या खोलीत असावा तसा हळू होता. “काय लागलं तर सांगायचं. लाजायचं नाय.”

“दत्तू, मला काय लागणार आहे?”

“तेच, सर. तुम्ही सांगणार नाय. म्हणून आम्हीच भरली घरपट्टी.”

सर पोत्यावरच बसले.

हकीकत अशी निघाली. गेल्या महिन्यात दत्तू नव्या शेडच्या पूजेचे आमंत्रण द्यायला आला होता. सर तेव्हा विटका बनियन घालून, शिडीवर चढून फाटक रंगवत होते. “मालक स्वतः रंग देतोय, बनियनला दोन भोकं, आन् फलकावर लिवलंय घरपट्टी भरली जाणार नाही. पेन्शन अडकली असंल म्हटलं. आमंत्रण न देताच फिरलो. पन फोटो काढला आन् बॅचच्या ग्रुपवर टाकला. फलकावरच्या नंबरावर ज्यानं त्यानं जमतील तेवढे भरले.”

“पण खाली सात कारणं लिहिली होती!”

“ती शिडीमागं गेली, सर.”

“मला विचारायचं होतंस!”

“तुम्हाला?” दत्तूने खरोखरच एक पाऊल मागे घेतले. “सर, पाणी प्यायला जाऊ का विचारायला घाबरायचो आम्ही. पेन्शन अडकली का, असं विचारू?”

सरांनी त्याला सातही कारणे क्रमाने समजावली आणि हा प्रकार ताबडतोब थांबवण्यास सांगितले. दत्तूने त्यांच्यासमोरच ग्रुपवर लिहिले: ‘सर पैशाला नको म्हणतात. लय स्वाभिमानी माणूस. काय तरी नगरसेवकाचं कारण सांगतात.’

तो संदेश बाकीच्या बॅचच्या ग्रुपांवरही गेला. संध्याकाळपर्यंत आगाऊ रक्कम एक्केचाळीस हजार झाली.

तेव्हा सरांनी सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. त्यांनी चार कलमांचे पत्र लिहून दत्तूकरवी सर्व ग्रुपांवर पाठवले. त्याचे पहिले कलम असे होते: ‘मी घरपट्टी भरू शकतो; परंतु भरणार नाही.’ या वाक्याने तेहेतीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची मने हेलावली. ‘सर अजून तसेच आहेत!’ असे चाकणहून कुणी लिहिले आणि पाच हजार भरले. ज्याला सरांनी मशीन ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास केले होते, त्याने अकरा हजार भरून खाली लिहिले, ‘तेव्हा राग आला होता, आता नाही.’ बाकीच्यांनी काहीच लिहिले नाही, नुसते भरले.

सरांनी दत्तूचे सगळे संदेश ललितला नेऊन दाखवले. शब्द मोडल्याचा डाग पुसणे त्यांना घरपट्टीपेक्षा महत्त्वाचे होते. ललितने सर्व वाचले आणि त्याचा चेहरा हळूहळू पालटला.

“सर, माझी चूक झाली. मला माफ करा.” मग त्याने आवाज उतरवला. “तुमच्या या मुलांना… माझ्या घराचा नंबर पाठवता येईल का?”

आठवड्याभरात कॉलनीत बावीस फलक लागले. सकाळी फिरायला निघालेल्या सरांनी ते पाहिले. लोक जागे झाले होते! जवळ जाऊन त्यांनी पहिला फलक वाचला, मग दुसरा, मग बारावा. प्रत्येकावर एवढेच होते: ‘घरपट्टी भरली जाणार नाही’ आणि खाली वीतभर उंचीचा मिळकत क्रमांक.

“अक्काबाई, कारणं कुठे आहेत?” कोपऱ्यावरच्या अक्काबाई स्टुलावर चढून आपला पुठ्ठा बांधत होत्या.

“कसली कारणं?”

“आपला विरोध कशासाठी आहे त्याची!”

“मला कुठं कुणाला विरोध करायचाय, सर? चांगली चालते माझी पिठाची गिरणी.” अक्काबाईंनी सुतळीची गाठ मारली. “तुमचं अक्षर छान हाय. माझा बी नंबर जरा ठळक काढून द्या की. रस्त्यावरून दिसला पाहिजे.”

सर घरी आले, पाना घेतला, आपल्या फलकाचे चार बोल्ट वॉशरसह काढले, डबीत ठेवले आणि रिक्षा करून वसुली कार्यालय गाठले.

यादवने त्यांना बसायला खुर्ची दिली. “या, काका. साहेब परवाच विचारत होते तुमच्याबद्दल. आदर्श करदाता म्हणून फोटो लावायचा म्हणतात.”

“फोटो नको. पैसे परत करा.”

“करता येतील. चालू वर्षाचे वळते करून एक लाख तीस हजार पाचशे आहेत. तुमच्या खात्यात जमा करू?”

“माझ्या खात्यात कशाला? ज्यांचे आहेत त्यांना द्या.”

“ते कोण, हे इथं दिसत नाही. पावती मालकाच्याच नावाची निघते.”

म्हणजे विद्यार्थ्यांचे पैसे स्वतःच्या खिशात. सरांनी खुर्ची मागे सारली. “मग राहू द्या. पण पुढच्या वर्षी मी घरपट्टी भरायला नकार देणार आहे, हे आत्ताच नोंदवून घ्या.”

“नकार देता येणार नाही, काका. नकार द्यायला आधी आमची मागणी लागते. तुम्हाला मागणीच निघणार नाही.”

“केव्हापर्यंत?”

यादवने कॅल्क्युलेटर ओढला. पण सरांचा भागाकार तोंडीच झाला होता. एकोणीस वर्षे, आणि वर थोडी शिल्लक.

“म्हणजे दोन हजार चव्वेचाळीसच्या एप्रिलमध्ये,” सर खोल आवाजात म्हणाले.

“हां. दर वाढले तर थोडं आधी.”

घरपट्टीचे दर वाढावेत, असे सरांना आयुष्यात प्रथमच वाटले.

घरी सविताबाईंनी चहा पुढे ठेवला आणि सगळे ऐकून घेतले. “म्हणजे तुम्ही तेव्हा…”

“नव्वद.”

“अहो, मग आता सोडा तो नाद. तोवर निवडणूक होईल की!”

सरांनी चष्मा काढून पुसला. ऐरण तपासल्याशिवाय हातोडा उचलणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे, तसे त्यांनी बायकोकडे पाहिले.

“खात्री काय?” ते म्हणाले आणि कप तिच्याकडे परत सरकवला. “आजपासून बिनसाखरेचा दे.”