तलवारवाला : सुधारित आवृत्ती

आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये गेल्या महिन्यात 'तलवारवाला' या खेळाची सुधारित आवृत्ती दाखल झाली, आणि तिच्या तपासणीची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली. साहजिकच अशासाठी की, या विषयातला माझ्याइतका जाणकार निदान आमच्या बिल्डिंगमध्ये तरी दुसरा नाही. मी एका सरकारी कार्यालयात सहायक अधीक्षक आहे. कोणत्या, ते विचारू नका. कार्यालय चालू आहे, एवढं पुरे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी सादर करतो. आम्ही शाळेत असताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला होता. त्यात कॅसेट घालायची. एका कॅसेटवर जपानीत काहीतरी लिहिलेलं होतं, ते कुणाच्या बापाला वाचता येईना, म्हणून गल्लीनंच तिचं बारसं केलं : तलवारवाला. त्यात एक सरदार असतो. तो पडद्याच्या डावीकडून निघतो आणि उजवीकडे चालत राहतो. वाटेत राक्षस येतात, वटवाघळं येतात, एक हिरवा लिबलिबीत गोळा येतो. त्यांना मारलं की अनुभवाचे गुण मिळतात. गुण साठले की सरदाराला बढती, नवं चिलखत, लांब तलवार. शेवटी गुहेत आग ओकणारा अजगर. अनुभव असला की बढती मिळते, अशी त्यात कल्पना होती. खेळ पूर्णपणे काल्पनिक होता.

गेम होता बेगम पेठेत, इसूफच्या घरी. रिमोट एकच. तो इसूफच्या हातात असायचा, कारण गेम त्याचा. तो दमला की विरेशच्या हातात जायचा, कारण विरेश घरून भाजलेल्या शेंगा आणायचा. माझ्याकडे गेमही नव्हता आणि शेंगाही नव्हत्या, म्हणून मी मार्गदर्शन करायचो. "उडी मार! खाली वाक! आता मार बे, आता!" सरदार मेला की मी म्हणायचो, "सांगितलं तसं केलं नाहीस." जगला की म्हणायचो, "बघ, सांगितलं होतं की नाही?" रिमोटला बोट न लावता एखाद्या विषयात एवढं प्रावीण्य मिळवायला अंगात काहीतरी असावं लागतं. पुढं नोकरीत हीच तयारी कामी आली.

तर सुधारित आवृत्ती आणली माझ्या मुलीनं, सिद्धेश्वरीनं. ती इंजिनिअर झाली, हैदराबादेत नोकरी लागली, आणि जायचा रविवार ठरला. त्याआधी एका संध्याकाळी तिनं टीव्हीला एक काळा डबा जोडला आणि माझ्यापुढं दोन रिमोट धरले.

"बाबा, तुमचा तलवारवाला. कंपनीनं सगळा नव्यानं केलाय. आता दोघांना एकत्र खेळता येतं. तुम्ही सरदार, मी तिरंदाज बाई. मी जायच्या आत आपण दोघांनी मिळून तो अजगर मारायचा. लहानपणापासून नुसतं ऐकतेय मी."

खरं सांगतो, मला भरून आलं. पोर घर सोडून चालली होती आणि जाताना तिला बापाकडून काय हवं होतं, तर चार संध्याकाळी. कुठल्याही शहाण्या माणसानं तिथल्या तिथं मांडी ठोकून रिमोट घेतला असता. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "आधी मूळ खेळाबरहुकूम आहे का, ते बघू दे."

नव्हता. सिद्धी चालवून दाखवत होती, आणि पहिल्याच स्टेजला माझ्या डोळ्यांदेखत सरदार गर्रकन वळला आणि चक्क मागे, डावीकडे चालू लागला.

"थांब!" मी ओरडलो. "मागे कुठं चाललाय हा?"

"एक पेटी राहिली होती, ती घ्यायला."

"मूळ खेळात मागे फिरता येत नव्हतं. जे राहिलं ते राहिलं."

"बाबा, तेव्हा मशीनमध्ये तेवढी ताकद नव्हती."

"ताकदीचा प्रश्न नाही. ते धोरण होतं."

बावीस वर्षं नोकरी केली की माणसाला दुबळेपणा आणि धोरण यांत फरक दिसेनासा होतो. सिद्धी हसली. मी हसलो नाही. मी इसूफला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी इसूफच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात, टायरच्या चळतीवर बसून, 'मूळ तलवारवाला संरक्षण समिती' स्थापन झाली. विरेश कुंभारीतलं किराणा दुकान बायकोच्या हवाली करून आला होता. अध्यक्षपद मी नको नको म्हणत स्वीकारलं. म्हणजे, नको मीच म्हणालो, आणि घ्या असंही मीच म्हणालो. बाकीच्या दोघांचं लक्ष भज्यांकडे होतं.

"काय बे रेवण," इसूफ म्हणाला, "पोरीनं आणलाय ना? मग खेळ की गुमान. समिती कशाला?"

"इसूफ, उद्या हे लोक अजगराला दाढी लावतील. चालेल तुला?"

"लावू दे की. त्याला शोभत असंल."

पण विरेशला एकदम आठवलं. "अरे, गुहेची स्टेज आली की आपण चपला काढायचो!"

हे मात्र खरं होतं. गुहेच्या दारात दगडाच्या दोन मूर्ती होत्या. कुठल्या देवाच्या ते जपान्यांना माहीत. एकदा विरेश पायात चपला ठेवून खेळला आणि सरदार दारातच मेला. तेव्हापासून गुहा आली की इसूफचं सगळं घर अनवाणी व्हायचं. एकदा त्याचे अब्बा नमाजला निघाले होते, त्यांनाही आम्ही दारातून बूट काढून परत बसवलं होतं. इसूफचेही डोळे चमकले. "व्हय की बे. नव्यात चपला काढायला सांगतात का?"

मी घरी येऊन खेळाची जाहिरात पाहिली. नव्या आवृत्तीत सरदार पायात बूट घालून थेट गुहेत शिरत होता. समितीत एकच हलकल्लोळ माजला.

तिथून पुढचं कामकाज नियमानुसार झालं. आक्षेप नोंदवण्यासाठी एक बैठक, आक्षेपांची छाननी करण्यासाठी दुसरी, छाननीत हिरव्या गोळ्याचा रंग पोपटी आहे की शेवाळी यावर मतभेद झाले म्हणून तिसरी. गोळ्यासाठी विरेशच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. उपसमितीत विरेश एकटाच होता, तरी तिची पहिली बैठक गणपूर्तीअभावी तहकूब झाली, कारण त्या दिवशी तो होटगीला लग्नाला गेला होता. आमचे सर्व आक्षेप मी इंग्रजीत करून कंपनीला पाठवले. कंपनीचं लगेच उत्तर आलं : आपल्या प्रतिसादाबद्दल आभार, आम्हाला पाच तारे द्या. समितीनं याची नैतिक विजय म्हणून नोंद घेतली.

निर्णय होईपर्यंत खेळ स्थगित ठेवावा, असा आदेश मी घरात दिला होता. सिद्धी रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, आज?" मी म्हणायचो, "विषय समितीपुढं आहे." ती मान हलवून बॅग भरायला जायची. एकदा ती बॅगेत कडक भाकऱ्या रचत होती, तेव्हा तिचा चेहरा बघून मी तिच्याशेजारी बसलोही. पण नेमकी त्याच वेळी बैठक होती.

शनिवारी महानंदाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचा, संयम संपला. ती कणकेच्या हातानंच बाहेर आली. "अहो, काय लाज हाय का न्हाय? पोरगी उद्या चालली. तिला तुमच्या त्या गोळ्याचा रंग नकोय, तुमी पाहिजे हाय. बसा तितं गुमान!"

समितीचं अध्यक्षपद घटनात्मक असलं तरी कणकेच्या हातापुढं घटना टिकत नाही. मी बसलो. साक्षीला इसूफ आणि विरेश यांना बोलावून घेतलं. गुहा यायला अवकाश होता, तरी सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. सिद्धीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी तिच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. तिची तिरंदाज बाई सरसर पुढं गेली आणि पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन धडकली. पडदा पुढं सरकेना.

"बाबा, या ना. दोघं चालल्याशिवाय पडदा सरकत नाही."

माझा सरदार डावीकडच्या कोपऱ्यात उभा होता. त्याचं कारण असं की, कुठलं बटण दाबल्यावर तो चालतो हे मला ठाऊक नव्हतं. ते विचारणं माझ्या पदाला शोभलं नसतं. मी म्हणालो, "मी इथून लक्ष ठेवतो. तू वर उडी मार. वाक! वटवाघूळ, वटवाघूळ! अगं मार ना!"

"बाबा, नुसतं पुढं या."

"सांगतो तसं कर आधी!"

राक्षस आले. तिला पुढंही जाता येईना आणि मला सोडताही येईना. ती एकटी बाणांमागून बाण सोडत राहिली आणि माझ्या कोपऱ्यातल्या सरदाराला वाचवता वाचवता मेली. पुन्हा सुरू. पुन्हा मेली. दरवेळी मी म्हणालो, "सांगितलं तसं केलं नाहीस." इसूफ छताकडे बघायला लागला. विरेश शेंगा सोलायचा थांबला. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज जरा जास्तच जोरात येऊ लागला.

सिद्धीनं खेळ थांबवला. मग तिनं तिच्या रिमोटवर काहीतरी दाबलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता दाबा. काहीही दाबा."

मी दाबलं, आणि काय सांगू! सरदार उसळला. त्याच्या डोक्यावर एक छोटंसं सोनेरी चाक फिरू लागलं. बहुधा मानचिन्ह असावं. मी बटणं बडवत होतो आणि सरदार वटवाघळं कापत होता, खड्डे ओलांडत होता, हिरव्या गोळ्याचे दोन तुकडे करत होता. पडदा भराभर सरकत होता. "आयला, रेवण!" विरेश ओरडला. इसूफनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "छुपा रुस्तम निघालास की बे!" मी म्हणालो, "अनुभव बोलतो." गुहा आली. अजगर आला. तिरंदाज बाईनं डोळा फोडला आणि माझ्या सरदारानं मुंडकं उडवलं. सिद्धी किंचाळून माझ्या गळ्यात पडली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मी केलं होतं.

रविवारी तिला गाडीत बसवलं. सोमवारी कार्यालयातून लवकर निघालो. तसा रोजच निघतो, पण त्या दिवशी कारण होतं. टीव्हीपुढं मांडी घातली, सरदार निवडला, सुरू केलं. डोक्यावर तेच सोनेरी चाक. सरदार राक्षस कापू लागला. तेवढ्यात महानंदानं चहा आणला. मी रिमोट गादीवर ठेवला, बशी तोंडाला लावली आणि समोर बघितलं.

सरदार चाललाच होता. उड्या मारत होता, वाकत होता, अचूक. मी चहा पिताना तर त्याचा हात जास्तच बसला होता.

मी सिद्धीला फोन लावला. "सिद्धी, ते सरदाराच्या डोक्यावरचं चाक कसलं गं?"

"बाबा, एखादा खेळाडू जागचा हलत नसला, तर त्याच्या वाट्याचं यंत्र खेळतं. तशी सोय आहे. मी ती चालू केली होती. बंद करायचं राहिलं."

"मग मी जे दाबत होतो ते?"

"ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पण तुम्ही किती खुश होता, बाबा."

"आणि तू? तू कुणाबरोबर खेळलीस मग?"

"यंत्राबरोबर," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर खेळायचं होतं. पण गाडी सकाळची होती."

मी फोन ठेवला. पडद्यावर सरदारानं तेवढ्यात अजगराला मारून टाकलं होतं आणि माझ्या नावाचा जयजयकार चालला होता. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कार्यालयात गेलो, खुर्चीत बसलो, समोर आलेल्या कागदांवर सह्या केल्या. माझ्या आधी ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांनी ते वाचले असतील, या विश्वासावर. तेही बहुधा माझ्याच विश्वासावर होते. काम व्यवस्थित चाललं.

तुम्ही हसताय, ते दिसतंय मला. हसा. फक्त उद्या एक करा. हातातलं महत्त्वाचं काम, घरचं किंवा कचेरीतलं, मध्येच खाली ठेवा, चहाला उठा आणि लांबून बघा. थांबलं, तर पळत जा, पोरं वाट बघत असतील. आणि चालूच राहिलं, तर सावकाश चहा संपवूनच या. घाई कुणालाच नाही.