तीन कोटेशनं आणि थोडं गेमिंग

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. घरातला म्हातारा कॉम्प्युटर एका सकाळी खोकला, थोडा धूर सोडला आणि गेला. अशा वेळी शहाण्या माणसानं पेपर तोंडासमोर धरून बसावं की नाही? पण नाही! मी म्हणालो, "लॅपटॉप मी निवडतो."

टॉवेलची घडी घालता घालता बायको थांबली. "तुम्ही?"

"मग कोण? इतकी वर्षं ऑफिसच्या खरेदी विभागात काय माश्या मारतोय?"

तिनं घातलेली घडी पुन्हा उलगडली. (आमच्या ऑफिसातल्या खुर्च्या मी घेतल्यात. तिथे बरेच लोक उभ्यानं काम करतात, हे तिच्या कानावर आलेलं असणार.)

लॅपटॉप हवा होता धाकटीला. थोरला नोकरीसाठी दूरच्या शहरात गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. धाकटी म्हणाली, "स्वस्तातलाच घ्या बाबा. कॉलेजचं काम झालं पाहिजे, आणि थोडं गेमिंग चाललं पाहिजे."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे... थोडं."

"असं चालत नाही. उद्या ऑफिसात कोणी 'थोडं फिनेल पाहिजे' असं लिहून पाठवलं, तर मी सही करीन का?"

"बाबा, रविवारी दुपारी एकच गेम. तो नीट पळाला पाहिजे, बस्स."

रविवारी दुपारी! म्हणजे नेमकी माझी झोपेची वेळ. दर रविवारी ही पोरगी आतल्या खोलीत त्या खटाऱ्यासमोर बसून "मागे बघ, मागे बघ!" असं किंचाळायची आणि स्पीकरमधून कोणी उनाड कार्टा तिच्या दुप्पट किंचाळायचा. मी डोक्यावर उशी दाबून पडायचो. तेव्हा 'थोडं गेमिंग' या मागणीपुढे मी मनातल्या मनात शेरा मारून टाकला : अनावश्यक.

आमच्या खात्याचा नियम साधा आहे. तीन दुकानांतून तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यांत कमी असेल ते घ्यायचं, आणि नंतर कोणी बोंब मारली तर नियमाकडे बोट दाखवायचं.

पहिल्या दुकानदारानं विचारलं, "कुठला गेम खेळणार, साहेब?"

"थोडा."

"हो, पण कुठला?"

"एकच आहे."

त्यानं माझ्याकडे जरा बघितलं. "मग वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला घ्या."

"त्यानं काय होतं?"

"गेम पळतो."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर नुसता चालतो."

"मग चालू दे की! आम्हाला कुठे घाई आहे?"

दुसऱ्या दुकानातल्या लॅपटॉपची बटणं लाल, हिरवी, जांभळी अशी पेटत होती. एवढ्या रोषणाईचं लाइटबिल कोण भरणार, असं विचारून मी पायऱ्या उतरलो. तिसऱ्या दुकानाचा भाव सगळ्यांत कमी होता, वर बॅग फुकट. (फुकट बॅग दिसली की माझी बुद्धी त्या बॅगेत जाऊन बसते.) मी खडसावून विचारलं, "यावर गेम पळतो का?" त्यानं पत्त्यांचा डाव लावून दाखवला. पत्ते सरसर पडले. आणखी काय पाहिजे?

घरी आल्यावर धाकटीनं तिचा गेम चढवला. लॅपटॉपच्या आतला पंखा असा घोंघावायला लागला की बायको मिक्सर बंद करायला स्वयंपाकघरात धावली. मग पडद्यावर एक चित्र आलं. बऱ्याच वेळानं दुसरं आलं. पहिल्या चित्रात उभा असलेला माणूस दुसऱ्यात आडवा पडलेला होता. मधे काय झालं ते त्यालाच ठाऊक.

"चालेल, बाबा," धाकटी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

आमची धाकटी भांडते तेव्हा सगळं ठीक असतं. ती 'चालेल' म्हणाली की काहीतरी मोडलंय असं समजावं. मला तेवढं कळलं असतं तर मी खरेदी विभागात कशाला असतो?

रविवारी दुपारी घर शांत. उशीची गरज नव्हती, आणि झोप काही येईना. तेवढ्यात थोरल्याचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो."

"काम कसं चाललंय?"

"ठीक."

"बरं."

"ठेवतो, बाबा."

"बघ," मी बायकोला म्हणालो, "पोरगा माझ्यावर गेलाय. एक शब्द फुकट घालवत नाही."

इथे तिचा बांध फुटला. "तुमच्यावर गेलाय? अहो, दर रविवारी आतल्या खोलीत तास तास बडबडायचा तो कोण होता?"

"कोण? तो उनाड कार्टा?"

"तुमचाच कार्टा! दोघं भावंडं मिळून तो गेम खेळायची. मी कपड्यांच्या घड्या घालायला तिथे का बसायचे? खेळता खेळता सगळं बोलायचा तो. साहेब ओरडला, शेजारच्या कॉटवरचा घोरतो, घरची आठवण येते... तुम्ही विचारता 'जेवलास का'. तो बिचारा 'हो' म्हणणार, नाहीतर काय म्हणणार? कॉम्प्युटर गेल्यापासून त्याचा धड आवाजसुद्धा ऐकलेला नाही मी. आणि तुम्ही बॅग घेऊन आलात!"

मी त्या फुकट बॅगेकडे बघितलं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की नियमाकडे बोट दाखवायचंसुद्धा सुचलं नाही.

सोमवारी मी लॅपटॉप घेऊन तिसऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. (बोट दाखवणारा समोरचा असला की किती संताप होतो, हे त्या दिवशी कळलं.) मी दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रेमानं सांगायला लागलो, "घ्या, घ्या, छान आहे. गेम लावला की फोटोंचा अल्बम बघितल्यासारखं वाटतं. एकेक चित्र, अगदी सावकाश."

दोन-तीन गिऱ्हाइकं पळाल्यावर दुकानदारानं हात जोडले. "काका, काय पाहिजे ते सांगा आणि उठा."

"पळणारा पाहिजे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा."

काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बोटं लावलेला एक लॅपटॉप त्यानं काढला. हाताळलेला म्हणून स्वस्त. वजनाला फरशी. "बॅटरी मात्र थोडी कमी आहे," तो म्हणाला.

थोडी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दुसरं कोटेशन न मागवता वरचे पैसे मोजले आणि तो उचलला.

घरी कळलं की हा लॅपटॉप बॅटरीवर नुसता चालतो, प्लग लावला तरच पळतो. आणि आतल्या खोलीतलं सॉकेट इतकं ढिलं, की प्लग हातानं दाबून धरावा लागतो. तर रविवारी बायको भिंतीशी प्लग धरून बसली, धाकटी खेळायला लागली आणि स्पीकरमधून थोरल्याचं किंचाळणं सुरू झालं. इतकं गोड किंचाळणं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. धाकटीची मैत्रीण आली होती. "बाबा, या इकडे. पडद्यावरच्या भिंतीआड नुसते उभे राहा. काही दाबू नका," असं म्हणून धाकटी दाराकडे पळाली. मी तिच्या जागी बसलो. खेळातला माणूस उभा राहिला.

"अगं, हल ना!" थोरला ओरडला. "काय बाबांसारखी उभी राहिलीयस? तीन कोटेशनं आल्याशिवाय गोळी झाडणार नाहीस का?"

बायकोनं हसू दाबायला हात तोंडावर नेला, तो नेमका प्लगचा. लॅपटॉप पळायचा तो चालायला लागला. मी डोळे वटारले, तिनं घाईघाईनं प्लग दाबला.

"ऐक," थोरल्याचा आवाज खाली आला, "आईला सांगू नकोस. परवा ताप होता मला. दोन दिवस नुसता ब्रेड खाऊन झोपून होतो."

"आणि डॉक्टरकडे कोण जाणार होतं?" माझ्या तोंडून गेलंच.

थोरल्यानं आवाज ओळखला.

"बाबा?"

"हं. आता कसं आहे? खरं सांग."

"आता खरंच बरं आहे, बाबा. बाबा! मागे बघा, मागे!"

मी खुर्चीतल्या खुर्चीत वळून मागे बघितलं. मागे बायको होती. प्लग घट्ट धरलेला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पुन्हा पडद्याकडे वळलो तोवर खेळातला मी आडवा झालो होतो.

मी खरोखरची मान वळवली हे कळल्यावर थोरला जो हसायला लागला, तो थांबेचना. हसता हसता साहेब, कॉट, ब्रेड, सगळं सांगून मोकळा झाला. 'जेवलास का' हे मला विचारावंच लागलं नाही.

आता दर रविवारी धाकटी उठली की माझ्या जागी बायको खेळते. (ती मरत नाही. उलट समोरच्यांना पळता भुई थोडी होते.) मी भिंतीशी बसून प्लग धरतो. मागच्या रविवारी हात भरून आला तेव्हा मी हळूच म्हणालो, "मी काय म्हणतो, नवीन सॉकेट बसवून घेऊ या का? मी बघतो एखादा इलेक्ट्रिशियन."

"नको!" तिघंही एकदम ओरडली. त्यातला एक तर स्पीकरमधून.

"तुमची तीन कोटेशनं येईपर्यंत आम्ही म्हातारे होऊ," बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही धरा."