रुखवतातला स्लीपर डबा

मंजुषाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि तिचे वडील पंचाक्षरीअप्पा मात्र हॉलच्या मधोमध फतकल मारून रेल्वेचा डबा बांधत बसले होते. रुखवतात लोक साखरेचे बंगले मांडतात, लोकरीचे ससे मांडतात. मांडोत बापडे! अप्पांचे व्याही सिद्धेश्वरराव नांदेडला पस्तीस वर्षं टीसी राहून रिटायर झालेले. त्यांच्यापुढं ससा काय ठेवायचा? लातुरात अप्पांचं हार्डवेअरचं दुकान, म्हणजे प्लायवूड, खिळे, रंग घरचेच. त्यांनी एका बाजूनं उघडा असा तीन हात लांबीचा स्लीपर डबा बांधला, तोही व्याही नोकरीला लागले त्या काळातला. खाली, मधे, वर अशा तीन-तीन लाकडी फळ्या, मधल्या फळीला साखळ्या, आणि फळ्यांवर कागदाच्या लगद्याच्या चाळीस बावल्या. म्हणजे नवरीकडचं अख्खं वऱ्हाड.

बावल्या जशा वाळल्या तशा अप्पांनी त्या मिळेल त्या बर्थवर चिकटवल्या. इथंच त्यांनी माती खाल्ली.

उदगीरहून त्यांची थोरली बहीण दानम्माअक्का आली. पाणीसुद्धा न पिता चष्मा लावून डब्यापुढं वाकली. हिरव्या इरकलातली स्वतःची बावली तिनं बरोबर हुडकली.

"पंच्या, ही मी का रं?"

"हाव अक्का. इरकलाचा काठ बघ, कसा हुबेहूब जमलाय."

"आन माझ्या उशाला ही खोली कशाची?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. पण डब्याच्या बाबतीत अप्पांच्या जिभेला खोटं बोलवेना.

"संडास हाय तो."

अक्काचा चेहरा लालबुंद झाला. "आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी हिंडले, आन तू मला संडासापाशी, पार माळ्यावर टाकलास? तेबी बिनगादीच्या फळीवर?"

"अगं, तवा सेकंड क्लासला गाद्याच नव्हत्या! सगळी दुनिया फळीवरच निजायची. गाद्या लई मागाहून आल्या. इतिहास हाय हा, अक्का!"

"मग त्या इतिहासालाच बोलव पोरीला हळद लावायला. मी चालले उदगीरला."

आत्याशिवाय हळद लागायची कशी? अप्पांच्या बायकोनं, सुकन्याबाईंनी, कपाळावर हात मारला. "अहो, आधी अक्कांना खाली घ्या. गादीबी टाका. इतिहास गेला खड्ड्यात!"

अप्पांनी जड मनानं जुन्या सोफ्याचा स्पंज कापला. अक्काला खालचा बर्थ मिळाला, गादी मिळाली, आणि तिनं चहा घेतला. पण खालच्या बर्थवर आधी सुकन्याबाईंचे भाऊ बसलिंगप्पा होते. ते आता मधल्या फळीवर गेले. संध्याकाळी ते स्वतः आले आणि डब्यापुढं कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दाजी, मी मधे? म्हंजे खालच्यानं उठवलं की उठायचं, वरच्याचा पाय तोंडावर घ्यायचा! बहिणीच्या घरी आमची हीच किंमत हाय का? मी लग्नात जेवणार न्हाई."

बसलिंगप्पा खाली आले. मग त्यांच्या बायकोला त्यांच्याशेजारीच बसायचं होतं. मग काकू, मग काकूंच्या जावा, आणि ज्याला त्याला गादी. लग्नाच्या सकाळी डबा नांदेडच्या मंगल कार्यालयात पोचला तेव्हा खालच्या फळ्यांवर चार-चार, पाच-पाच बावल्या एकमेकींच्या मांडीवर कोंबलेल्या होत्या आणि वरच्या सगळ्या फळ्या ओस पडल्या होत्या. वर एकच बावली उरली होती, संडासाजवळ, बिनगादीची. ती अप्पांची होती. तिच्या वतीनं रुसायला कोणी आलं नव्हतं.

सिद्धेश्वरराव रुखवतापुढं आले आणि वाकले. जाणकार माणसापुढं अप्पांनी सोफ्याचा स्पंज घालून इतिहासाची माती केली होती.

"अप्पा," सिद्धेश्वरराव म्हणाले, "पस्तीस वर्षं रोज हाच डबा बघितला बघा मी! बर्थ कुणाचाबी असू द्या, बसणार समदे खालीच, आन भांडणार माझ्याशी! तेवढ्या गाद्या चुकल्या. तवा नव्हत्या."

अप्पांनी अक्काकडं पाहिलं. अक्का छताकडं पाहू लागली.

इतक्यात सिद्धेश्वररावांची थोरली बहीण पुढं सरकली. तिनं एकेक बावली निरखली. "आन ह्यात आमच्याकडलं एकबी माणूस न्हाई?"

"वेटिंगला असतील," सिद्धेश्वरराव सवयीनं बोलून गेले.

बाईंनी डोक्यावरचा पदर खसकन ओढला. "असं व्हय? मग अक्षताबी तुमच्या तुमीच टाका." आणि त्या चपला शोधू लागल्या.

मांडवात नवरी उभी, आणि आता नवऱ्याची आत्या निघाली! तेवढ्यात मागून दानम्माअक्का गर्दी सारत आली. तिनं डब्यात हात घातला आणि स्वतःची बावली गादीवरून कचकन उपटली. इरकलाचा काठ तिथंच चिकटून राहिला.

"बाई, थांबा. ही खालची जागा तुमची. गादीसकट. नवऱ्याकडचा मान आधी. तुमची बावली माझा भाऊ दुपारच्या आत करून देतो."

बाईंनी गादी बोटानं दाबून पाहिली. मऊ होती. चपला तिथंच राहिल्या.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, मग तू कुठं बसशील गं?"

फाटक्या काठाची बावली अक्कानं संडासाजवळच्या वरच्या फळीवर ठेवली आणि अप्पांच्या बावलीला बोटानं ढोसलं.

"सरक की रं जरा."